दाखला हातात देण्याआधी

"ताई, शाळेतून बोलावलंय. कागदावर सही करायला सांगतायत. करू का?"

२०२४च्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, तेव्हाचा हा फोन. करणारी माझ्या चांगल्या ओळखीची. तालुक्याच्या गावात राहते, घरी ब्लाऊज, पंजाबी ड्रेस शिवते. नवरा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला. थोरली मुलगी बारावीत, धाकटा मुलगा नववीत. सही करायची होती ती एका अर्जावर. 'माझ्या पाल्यास मी स्वखुशीने अन्य शाळेत घालू इच्छिते, तरी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.' अर्ज शाळेतच लिहून तयार होता. स्वखुशीसुद्धा शाळेनंच लिहून ठेवली होती. आईची सही तेवढी बाकी.

पोरानं केलं काय होतं? विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली, २० नोव्हेंबरला मतदान. निम्मे शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेलेले, म्हणून नववीच्या दोन तुकड्या एकाच वर्गात दाटीवाटीनं बसवलेल्या. गणिताचे सर फळ्यावर लिहीत होते. याने मागच्या बाकावरून मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला, त्याला एक गाणं चिकटवलं, आणि संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला. सर एका पायानं थोडे लंगडतात. व्हिडिओत नेमकं तेच होतं. त्याआधी ऑगस्टमध्ये सायकल स्टँडवर मारामारी झाली होती, तिचीही तक्रार फायलीत होतीच.

मी आधीच सांगून टाकते, मैत्रिणींनो, की या मुलाची कड घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. सर दुसऱ्या दिवशी शाळेत आले नाहीत. बावीस वर्षं ज्यांनी गावातल्या पोरांना बीजगणित शिकवलं, त्यांच्या चालण्यावर त्याच पोरांनी चहाच्या टपरीवर हसावं, यापेक्षा मोठा अपमान कोणता? ही आई फोनवर रडत होती, ती मुलाला काढणार म्हणून जेवढी, तेवढीच सरांना तोंड कसं दाखवू म्हणूनही.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. त्या अर्जावर तिनं सही केली असती, तर पोराला नेमकी कसली शिस्त लागली असती?

शाळेतून बोलावणं आलं की ते आईला येतं, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. बक्षीस समारंभाला वडील फेटा बांधून पुढच्या खुर्चीत, आणि तक्रार असली की "आईला घेऊन ये". ऑफिसात ती उभी. समोर मोठे सर, बाजूला पर्यवेक्षक, दारात शिपाईकाका, आणि खिडकीतून डोकावणारी पोरं. "ताई, तुमचं लक्ष नाही घरात." घरी आली की नवरा म्हणणार, "तूच लाडावून ठेवलाय." सासूबाई म्हणणार, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही." गावातल्या सगळ्या बेशिस्तीचा हिशेब शेवटी तिच्याच नावावर मांडला जातो. या पानाकडे येणाऱ्या पत्रांत सासू आणि नवऱ्याच्या खालोखाल कशाबद्दल लिहिलेलं असेल, तर ते शाळेतल्या या बोलावण्याबद्दल. ऑफिसातून बाहेर पडताना तिला एकच वाटत असतं, की कशीही करून ही ब्याद टळावी. म्हणून ती सही करते. वाचतसुद्धा नाही.

आता शिक्षकांची बाजू. ती मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. "आमचे हात कायद्यानं बांधलेत," असं बहुतेक सर आणि बाई म्हणतात. पूर्वी पट्टी होती, वेताची छडी होती, अंगठे धरून उभं करणं होतं, कोंबडा होता. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या १७व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. त्याच कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढून टाकता येणार नाही, असंही ठरवलं. छडी गेली हे बरंच झालं. मला स्वतःला सातवीत भूमितीची वही विसरल्याबद्दल पट्टीच्या कडेनं बोटांवर मार बसला होता. भूमिती आली नाही ती नाहीच, त्या बाईंची भीती मात्र अजून स्वप्नात येते. मारानं शिस्त लागत असती, तर ज्या पिढीनं सर्वांत जास्त मार खाल्ला, त्या आपल्या पिढीतले पुरुष आज रस्त्यावर सरळ रेषेत गाडी चालवताना दिसले असते.

पण छडी काढून घेतल्यावर तिच्या जागी काय द्यायचं, हे शिक्षकांना कुणी नीट शिकवलं नाही. कागद आले, परिपत्रकं आली, एखादं प्रशिक्षण झालं. वर्गात साठ-सत्तर पोरं, त्यात जागा रिकाम्या, त्यात जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं. पंधरा वर्षांचा मिसरूड फुटलेला मुलगा "हात लावून दाखवा" म्हणाला, तर बाईंनी करायचं काय? मग काही जण वर्गाकडे पाठ फिरवून फळ्याशी बोलतात आणि काही जण नववीची वाट बघतात.

नववीची वाट का? कारण आठवीपर्यंत कायद्याचं संरक्षण आहे, नववीत ते संपतं. शिवाय दहावीचा निकाल शाळेच्या अब्रूचा असतो. त्यामुळे वांड मूल आणि कच्चं मूल, दोघांचाही हिशेब नववीत चुकता केला जातो. काढून टाकलं असं कागदावर कुठंच येत नाही. आई 'स्वखुशीने' दाखला नेते. मधल्या वर्षी दुसरी शाळा सहसा घेत नाही, कारण दाखल्याबरोबर मुलाची कीर्तीही जाते. मग राहतो बाहेरून परीक्षा देण्याचा सतरा नंबरचा फॉर्म. तो भरतात पुष्कळ जण, पण घरी बसून दहावीचा अभ्यास करायला लागते ती शिस्त असती, तर दाखला मिळालाच नसता ना! मग मूल गॅरेजवर, पानटपरीपाशी, एखाद्या 'दादा'च्या फ्लेक्सवर खालच्या ओळीतल्या गोल फोटोत. शाळेची डोकेदुखी गेली, गावाची सुरू झाली.

आणि हे सगळं होतं ते कोणत्या मुलाच्या बाबतीत? २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा मुलगा चौथीत होता. पाचवी त्यानं आईच्या फोनवर काढली, सहावीचीही बरीचशी तशीच. फोन त्याच्या हातात आपणच दिला, शिक्षणासाठी म्हणून, आणि नंतर परत घ्यायला विसरलो. नववीतल्या मागच्या बाकांवरच्या किती मुलांना पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद न अडखळता वाचता येतो, हे एकदा शिक्षकांना खासगीत विचारून बघा. ज्याला समोरचं काही कळत नाही, तो सहा तास गप्प बसेल कसा? तुम्ही-आम्ही एखाद्या इंग्रजी भाषणाला अर्धा तास बसलो, तरी चुळबूळ सुरू होते.

मग करायचं काय? माझ्या माहितीतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आहेत. जिल्ह्याच्या आडबाजूच्या एका हायस्कुलात त्यांनी अकरा वर्षं ती खुर्ची सांभाळली. त्या गेल्या तेव्हा ती शाळा वात्रटपणासाठी प्रसिद्ध होती, पंखे वाकवलेले, नळ तोडलेले. त्यांना मी विचारलं, "बाई, तुम्ही कडक होतात का?" तर हसल्या. म्हणाल्या, "कडक नव्हते गं. मी फक्त कुठं काय होतं ते बघत बसले महिनाभर."

काय दिसलं त्यांना? तर मारामाऱ्या तास चालू असताना होत नाहीत. होतात त्या दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत, मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी, सायकल स्टँडवर, मुताऱ्यांच्या मागच्या बोळात, ऑफ तासाला, आणि शाळा सुटल्यावर एसटी स्टँडवर. म्हणजे जिथं मोठं माणूस नाही तिथं. त्यांनी शिक्षकांना एवढंच सांगितलं, की घंटा झाली की पुढच्या वर्गाच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि मधल्या सुट्टीतला चहा स्टाफरूममध्ये न पिता दोघांनी आळीपाळीनं टाकीपाशी उभं राहून प्यायचा. "नजर ठेवा, ओरडा, असं काही सांगितलं नाही. चहा तिथं प्या, एवढंच." काही शिक्षकांनी कुरकुर केली, एकानं तर संघटनेकडे तक्रारही केली. पण टाकीचे नळ त्या वर्षी टिकले.

दुसरं त्यांनी बंद केलं ते मॉनिटरनं फळ्यावर नावं लिहिणं. आठवतंय ना आपल्याला? बाई बाहेर गेल्या की मॉनिटर खडू घेऊन उभा, आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर, पुढे फुल्या. त्यात मित्राचं नाव कधी येत नाही आणि दुष्मनाच्या नावापुढे फुल्याच फुल्या. अन्याय कसा करायचा याचं पहिलं शिक्षण आपल्याला तिथंच मिळालं.

नियमांचं म्हणाल, तर पहिल्या वर्षी बाईंनी पंधरा नियम लिहून काढले आणि प्रत्येक वर्गात लावले. "सप्टेंबरमध्ये मलाच सगळे आठवेनात," त्या म्हणाल्या. पुढच्या जूनमध्ये मुलांनाच विचारून पाचच ठेवले, मुलांच्याच भाषेत. त्यातला एक होता, 'कुणाच्या आईबापावरून आणि अंगावरून बोलायचं नाही.' हा मुलांनी सुचवलेला, बाईंनी नव्हे. कारण निम्म्या भांडणांची सुरुवात तिथूनच होते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आणि मग पाळायचे ते सगळ्यांनी. शिक्षा छोटी, पण चुकणार नाही अशी. उशिरा आलं की त्या दिवशी मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं वर्गात बसून बुडालेलं लिहायचं, बस्स. आज सर खुशीत आहेत म्हणून माफ, उद्या बायकोशी भांडून आलेत म्हणून तीनशे उठाबशा, असं झालं की पोरं जुगार खेळायला लागतात. लागला तर लागला! बाक मोडला तर शनिवारी शाळा सुटल्यावर शिपाईकाकांबरोबर बसून खिळे ठोकून द्यायचा. संस्थेच्या एका संचालकांचा नातू असाच खिळे ठोकायला बसला, तेव्हा आजोबांची गाडी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली होती. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि नातवाला हातोडी परत दिली. त्या एका शनिवारनं जे काम केलं, ते वर्षभराच्या भाषणांनी झालं नसतं, असं त्या आजही म्हणतात. गावात हे सोपं नसतं. त्यांची बदली करण्याचे प्रयत्न झाले, वेतनवाढीचे कागद अडले.

आणखी एक गोष्ट त्या फार जपत. वर्गासमोर पोराला कधी कोपऱ्यात गाठायचं नाही. चौदा-पंधराव्या वर्षी चाळीस मैत्रिणी-मित्रांच्या देखत मान खाली घालण्यापेक्षा मुलाला उलट बोलणं सोपं वाटतं, मग पुढे काहीही होवो. तेच बोलणं तास संपल्यावर व्हरांड्यात, हळू आवाजात केलं, तर तोच मुलगा "चुकलं बाई" म्हणतो. हे आपल्यालाही लागू आहे हो. पाहुण्यांसमोर मुलाची लाज काढायची आणि मग तो तोंड वर करून बोलला म्हणून रडायचं, हे आपण घरोघरी करतोच.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत आणि वसतिगृह सांभाळत, तेव्हा मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, त्यांचे कपडे धूत, आणि मुलं आपोआप लाजून नीटनेटकी होत, ही गोष्ट शिक्षक दिनाच्या प्रत्येक भाषणात येते. खरीच आहे. पण सत्तर पोरांच्या तुकडीवर उभ्या असलेल्या, पगार तीन महिने थकलेल्या विनाअनुदानित शाळेतल्या सरांकडून रोज साने गुरुजींची अपेक्षा धरणं हा मला अन्याय वाटतो. नेमलेल्या माणसानं नेमलेल्या जागी वेळेवर उभं राहावं, एवढीच अपेक्षा धरली, तरी पुष्कळ होईल.

आता मुलींबद्दल बोलते, कारण या विषयात मला सर्वांत जास्त राग येतो तो इथं. आपल्याकडे शिस्त म्हटली की ती आधी मुलींना लागते. वेण्या दोन, रिबिनी एका रंगाच्या, ओढणीला पिना, मधल्या सुट्टीत मैदानाच्या त्या बाजूला जायचं नाही. एसटी स्टँडवर मुलांनी छेड काढली की मुलांना काय म्हटलं जातं? "वयच तसं आहे." आणि मुलीची शाळा बंद होते. तिला मिळणारा एसटीचा मोफत पास कपाटात पडून राहतो आणि पुढच्या वर्षी पत्रिका छापली जाते. हा बेशिस्तीचा सर्वांत मोठा खर्च आहे आणि तो भरते ती, जिनं काहीच केलेलं नसतं. ज्या शाळेत मुलांना आवर घातला जात नाही, तिथून मुली आधी गळतात. म्हणून मुलांची शिस्त हा मुलींच्या आयांचाही प्रश्न आहे.

यासाठी शासनानं मार्च २०२२ मध्ये शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं, तक्रारपेट्या लावायला सांगितल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची भयंकर घटना घडली, तेव्हा या कागदांवरची धूळ पुन्हा झटकली गेली. आपल्या गावच्या शाळेत ती समिती आहे का, पेटीची किल्ली कुणाकडे असते, ती शेवटची कधी उघडली, हे विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. मुलीला १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ करून द्यायलाही नाही.

आणि आपलं घर? तेही बघायलाच हवं. नववीतल्या मुलाच्या हातात मोटारसायकलची किल्ली कोण देतं? "पीठ आणायला जातो तेवढाच," असं आपणच म्हणतो ना? २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. मूल गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे सगळं त्या पिठाच्या डब्यामागं उभं आहे. शाळेच्या दारातल्या टपरीचंही तसंच. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्यानं बंदी आहे, गुटख्यावर तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पण टपरी आपल्याच कुणा भाच्या-पुतण्याची असते, आणि हळदीकुंकवाला त्याची आई आपल्या शेजारी बसलेली असते. तिला कोण बोलणार!

घरात मुलाला एक नियम आणि मुलीला दुसरा, हेही पोरं बघतात. ताट उचलायला बहीण, पाण्याचा ग्लास द्यायला बहीण, आणि दादाची अंघोळ झाली की टॉवेल दोरीवर घालायलाही बहीणच. तो मुलगा शाळेत बाईंचं ऐकेल अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? वडील घरात बायकोशी ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात पोरगा वर्गात इंग्रजीच्या बाईंशी बोलतो. हे मला एका इंग्रजीच्या बाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या.

शाळेत आपण जातो कधी? बोलावलं तर, किंवा भांडायला. शिक्षण हक्क कायद्यानं अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली. तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असायलाच हव्यात. पुष्कळ मैत्रिणी या समितीवर आहेतही. सर बोट ठेवतील तिथं सही करतात आणि चहा घेऊन घरी येतात. पुढच्या सभेत सही करण्याआधी एवढं विचारा, की या वर्षात नववीतून किती दाखले गेले आणि त्यातली मुलं आता कुठं आहेत. उत्तर आलं नाही, तर रजिस्टर पुढे ढकलून बसून राहा. समिती आठवीपर्यंतच्या वर्गांची म्हणून कुणी टाळेल. मग हाच प्रश्न पालक-शिक्षक संघात विचारा.

तर त्या आईचं काय झालं? मी तिला सांगितलं, "आज सही करू नकोस. 'मुलाच्या वडिलांना घेऊन परवा येते' म्हण." परवा ती नवऱ्याला घेऊन गेली. शोरूममधून अर्धा दिवस सुट्टी काढायला त्यानं फार कटकट केली, पण गेला. मीही बरोबर होते. मोठे सर नाखूशच होते. पण पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या, "सर, आधी यानं ज्यांचा अपराध केलाय, त्यांना विचारू या की त्यांना काय हवंय." हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. गणिताच्या सरांना बोलावलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "त्याला काढून मला काय मिळणार? माझा पाय असा का झाला, हे त्यानं मला विचारावं. बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही."

मुलानं विचारलं. सर त्याच्याशी लॅबच्या बाजूला बाकावर बसून वीस मिनिटं बोलले. काय बोलले ते आम्हाला माहीत नाही. मुलगा बाहेर आला तो डोळे लाल करून. त्यानंतर ठरलं ते असं: व्हिडिओ ज्यांना-ज्यांना पाठवला, त्या प्रत्येकाकडे स्वतः जाऊन तो काढून टाकायला सांगायचं आणि तशी यादी आणून द्यायची. चार आठवडे शाळा भरण्याआधी अर्धा तास यायचं आणि त्याच सरांकडे मागच्या इयत्तांचं गणित करायचं. तपासलं तर त्याला अपूर्णांकच येत नव्हते. फोन परीक्षा संपेपर्यंत वडिलांकडे. आईकडे नाही, वडिलांकडे, हे पर्यवेक्षिकाबाईंनी मुद्दाम ठरवलं. वर्गशिक्षकांनी रोज वहीत एकच ओळ लिहायची, चांगली असेल तर चांगली, आणि घरी त्याखाली सही. आणि आईनं महिन्यातल्या पहिल्या शनिवारी शाळेत यायचं, तक्रार असो वा नसो.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं, तर ते खोटं होईल. तिसऱ्या आठवड्यात तो दोन दिवस सकाळी आलाच नाही, एकदा पुन्हा सायकल स्टँडवर हातघाई झाली. यादीतली नऊ जणंच त्यानं गाठली, बाकीच्यांनी त्याला उडवून लावलं. मोठे सर म्हणाले, "मी सांगत होतो." पण अर्ज फायलीत तसाच राहिला, सहीशिवाय. नववीला गणितात तो जेमतेम पास झाला.

जूनमध्ये तो दहावीच्या वर्गात बसला, आणि आई ठरल्याप्रमाणे पहिल्या शनिवारी शाळेत गेली. दुपारी तिचा मला फोन आला. "आज बाई काय म्हणाल्या माहितीय का ताई? पोराबद्दल काहीच नाही. ब्लाऊजचं माप दिलं आणि म्हणाल्या, पंधरा ऑगस्टच्या आत शिवून द्या."